मोडका कान

डॉक्टर चेरनुटर दातांचे डॉक्टर. आता निवृत्त.
रुमालाची घडी अशी उलगडतात
जणू आत कुणाची तरी दाढ आहे.
ग्राझमध्ये सकाळपासून धुकं,
मूर नदी ऐकू येते, दिसत नाही.
मी दिवा जवळ ओढते, भिंग डोळ्याला लावते.

क्रॉस. पांढरा मिना, लाल काठ,
चारही भुजांवरून फिरलेलं हिरव्या पानांचं वेटोळं,
म्हणजे लढाईत मिळालेला, कचेरीत नव्हे.
"होडीसाठी साठवले होते," ते म्हणतात,
"बायकोला अजून सांगितलेलं नाही."

आधी फीत. त्रिकोणी घडीची.
जांभळ्या दिव्याखाली ती निळसर पेटते.
पेटली की नवी, असं नवशिके म्हणतात.
कुणाच्या तरी सुनेने साबणात बुचकळली
तरी पेटते.
फितीच्या साक्षीवर मी कुणाला फाशी देत नाही.

वजन सव्वा ग्रॅम जास्त. तेही चालतं,
त्या युद्धात कशाचं माप
जागेवर राहिलं होतं?

मग मिना. इथे हात थांबला.
शेवटच्या वर्षी कारखान्यात पोरी होत्या, कोळसा नव्हता,
भट्टी अर्धीमुर्धी तापायची.
त्या वर्षाच्या मिन्यात बुडबुडे असतात,
लाल रंग काठ सोडून पांढऱ्यात उतरलेला असतो.
इथे तसं काही नाही.
ज्याने केला त्याला घाई नव्हती,
किंवा होती, पण त्याच्या हातांना
घाई कशी करतात ते माहीत नव्हतं.

सर्वांत शेवटी कडी.
कडीवर चांदीची सरकारी खूण,
शिकारी कुत्र्याचं डोकं, मोहरीएवढं.
भिंग बदललं.
कान
टोकाशी मोडलेला.

वाल्डी.
दूधवाल्याच्या दारात चेमटला होता त्याचा कान,
आणि रात्रभर बाबा त्याला मांडीवर घेऊन बसले होते.
गाब्लोन्झहून दोन पेट्या घेऊन आलेले बाबा,
ज्यांची काचेची भट्टी तिकडेच राहिली
आणि तिच्याबरोबर बरंचसं बोलणंही.
रात्री आई खिडकीला घोंगडी लावायची.
स्वयंपाकाच्या टेबलावर कानस, चिमटे, पितळी दिवा.
चांदीला म्हातारपण यावं म्हणून गंधकाचा द्राव,
घरभर नासक्या अंड्यांचा वास.
शेजारणीने विचारलं तर आई सांगायची,
"आम्हाला कोंबड्या लाभत नाहीत हो."
महिन्याअखेरीस इटालियन कोट घातलेला एक माणूस यायचा
आणि दुसऱ्या दिवशी मला बूट, वह्या,
एकदा तर संत्रं.

ठसा कोरताना
खरा कुत्रा समोर नव्हता म्हणून त्यांनी घरचा कोरला,
की मुद्दाम?
चाळीस वर्षं मी हेच काम करते,
इतरांच्या खोटेपणाला नख लावते,
आणि हा कान आजच सापडावा!

"काय वाटतं, रोझविटा बाई?"
डॉक्टरांनी टोपी दोन्ही हातांत धरलेली,
निकाल ऐकायला आलेल्या रोग्यासारखी.
मी सांगितलं. बनावट.
ते म्हणाले, "अगदी?"
मी म्हटलं, "अगदी. पण काम उत्तम आहे.
खऱ्याहून बरंच उत्तम. त्यानेच तर सापडला."
त्यांना हे सांत्वन वाटलं नाही.

दाखला टंकित केला.
वस्तू: नक्कल. धातू: चांदी, गंधकाने काळवलेली.
काळ: अंदाजे एकोणीसशे सत्तावन्न.
कारागीर, या शब्दापुढे बोटं जरा घुटमळली.
मग लिहिलं, अज्ञात.
सही केली. शिक्का मारला.

फी त्यांनी मोजून दिली, सुटे युरोसुद्धा.
रुमालाची घडी पुन्हा घालू लागले
तेव्हा म्हटलं, थांबा, एक राहिलंच,
आणि परत वजन करायचं म्हणून
क्रॉस हातात मागून घेतला.
वजन तेवढंच होतं.